पिकअपची मागची बाजू बसत होती, त्यावरचा स्वस्त इलाज

रावेर-सावद्याकडून केळीचे घड भरले की आमची पिकअप मागून बसायची. हेडलाइट आभाळात, आणि खड्डा आला की अ‍ॅक्सल थेट रबरी स्टॉपवर! कुणी म्हणालं, शॉकअप बदल. पण शॉकअप फक्त उसळी आवरतात; वजन पेलतात ते पाटे, म्हणजे अ‍ॅक्सलला बांधलेली पोलादी पट्ट्यांची थप्पी (लीफ स्प्रिंग). पाट्यांच्या मदतीला बसवायच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, चांगल्या असतात हो, पण महाग, आणि शेतरस्त्याच्या काट्याकुट्यात नळी फाटली तर निस्तरायचं कुणी?

म्हणून भुसावळला कमानवाल्याकडे पाटे उतरवले. एक पाटा तडकलेला, शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या जोडकडीचे, बुश पार झिजलेले. ते आधी बदलले. मग जादा पाटा मुख्य थप्पीत न घालता वर हेल्पर म्हणून बसवला. भार आल्यावरच तो टेकतो, त्यामुळे रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळत नाही. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. आणि थोडं चालवून पुन्हा कसून घ्या.

पाटा वाढवला म्हणून आरसीवरची वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल तेच राहतात. मागची उंची बदलल्यामुळे हेडलाइटही नव्याने लावून घेतले.