जाहिरातीचा प्रकार निवडण्याआधी ग्राहकाची अडचण ओळखा

मिक्सर, इअरबड्स, टीव्ही किंवा एसी यांची समाजमाध्यमांवर जाहिरात करताना अनेक ब्रँड आधी रील करायची की कॅरोसेल (बोटाने सरकवत एकामागून एक पाहायच्या कार्डांची जाहिरात), हे ठरवतात आणि मग त्यात वस्तू बसवतात. हा क्रम उलटा हवा. वस्तू घेताना ग्राहक नेमका कुठे अडतो, हे दुकानातील विक्रेत्याला विचारावे आणि त्या शंकेचे उत्तर ज्या प्रकारात सर्वांत स्पष्ट देता येईल, तो प्रकार निवडावा.

जो गुण डोळ्यांनी पटतो, त्यासाठी ९:१६ या उभ्या प्रमाणातील रील उत्तम. मिक्सरमध्ये सुक्या खोबऱ्याची चटणी मध्ये कुठेही न कापता केलेल्या चित्रीकरणात वाटून दाखवली, तर मोटरच्या वॅटचा आकडा सांगण्यापेक्षा त्यातून मिक्सरची ताकद अधिक पटते. इअरबड्सचे मात्र अवघड आहे. अनेक जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट कमी होतो हे केवळ ध्वनीतून सांगू नये; त्याला ठळक मजकुराची जोड द्यावी.

एसीचा ग्राहक भुलत नाही, तो तुलना करतो. किती टन, किती तारे, बसवण्याचा खर्च वेगळा की किमतीतच, कॉम्प्रेसरची वॉरंटी किती वर्षांची, हे त्याचे खरे प्रश्न असतात आणि म्हणून येथे कॅरोसेलच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फेसबुक व इन्स्टाग्रामवरील अशा जाहिरातीत १० पर्यंत कार्डे देता येतात, पण शंका चार असतील तर कार्डेही चारच पुरेत. पहिल्या कार्डावर खोलीचा आकार आणि किंमत असावी. विक्री स्थानिक दुकानातून होत असेल, तर जाहिरातीचे बटण संकेतस्थळाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारे ठेवावे, कारण महागडी वस्तू घेण्यापूर्वी माणसाला कोणाशी तरी बोलायचे असते.

यूट्यूबवरील ६ सेकंदांची, न वगळता येणारी बंपर जाहिरात ब्रँडचे नाव लक्षात राहण्यापुरतीच वापरावी. वगळता येणाऱ्या जाहिरातीत प्रेक्षकाला ५ सेकंदांनंतर पुढे जाता येते, तेव्हा वस्तू आणि तिचा मुख्य उपयोग त्याआधीच दिसायला हवा. मोबदला देऊन एखाद्या समीक्षकाकडून व्हिडिओ करून घेतल्यास ती जाहिरात असल्याचे ठळकपणे लिहावे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत.

दोन प्रकारांत निर्णय होत नसेल, तर प्रेक्षकवर्ग, खर्च आणि किंमत सारखीच ठेवून केवळ प्रकार बदलून चाचणी घ्यावी आणि किती जणांनी पाहिले यावर न जाता एका चौकशीमागे व एका विक्रीमागे किती खर्च आला, ते मोजावे. दसरा-दिवाळीत जाहिरातदारांची गर्दी वाढून जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या लिलावातील दर चढतात, म्हणून ही चाचणी गणेशोत्सवापूर्वीच उरकावी.