नवतप्याआधी वांगी-मिरचीची मुळं वावरातून काढा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलाय आणि नागपूरच्या आजूबाजूला अजूनही वांगी-टमाटरची जुनी झाडं वावरात उभी आहेत. दरवर्षी हेच होतं, तोडे संपले की झाड वरून कापतात नाहीतर सरळ रोटाव्हेटर मारून मोकळे होतात, मुळं राहतात जमिनीतच. सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरून गाठी करणारे डोळ्याला न दिसणारे बारीक किडे, तिथंच असतात भाऊ. गाठीतली एक मादी 300-400 अंडी घालते, आणि रोटाव्हेटरनं गाठी अख्ख्या वावरात पसरतात. जुलैत नवीन रोप लावलं की त्याच्या मुळातून जे रस पाझरतात त्याच्या मागावर पिल्लं बरोबर येतात. मग ओल असूनही झाड दुपारी मान टाकतं, दुकानदार टॉनिक देतो, ह्युमिक देतो, पुढच्या खेपेला अजून महागडी बाटली देतो, पण झाड उपटून मूळ कोणी पाहत नाही.

आधी उपटून पहा. सोयाबीन-तुरीत फसू नका, तिथल्या नत्राच्या गाठी चांगल्या, त्या मुळाला बाजूनं चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात, फोडल्यावर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सुटत नाही.

झेंडू लावल्यानं सूत्रकृमी जातात का, असं खूप विचारतात. झेंडूच्या मुळात अल्फा-टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं, पिल्लू मुळात शिरलं की त्याला ते भोवतं. पण हे काम जिवंत मुळाचं आहे, आणि मूळ जिथवर जाईल तिथवरच. दसऱ्यासाठी धुऱ्यावर एक ओळ लावून आतलं वांगं वाचत नाही. ज्या तुकड्यात गाठी दिसल्या तिथंच दाट लावा, दोन-अडीच महिने ठेवा, फुलं विका. बोरू (ताग) पेरून फुलावर येताच गाडला तरी चालतं, त्यातही सूत्रकृमीला न मानवणारं द्रव्य आहे. मोहरी कुटून गाडल्यावर जो झणझणीत वायू निघतो तोही कामाचा, पण ते रब्बीतलं काम.

निंबोळी ढेपेची शिफारस हेक्टरी 1 टन, म्हणजे एकरी 4 क्विंटल. एवढी परवडत नसेल तर पूर्ण वावरात उधळू नका, सऱ्यांमध्ये रोपाच्या जागीच द्या, लावणीच्या 15 दिवस आधी, ओलीवर. माझा अंदाज असा की जुन्या, वास गेलेल्या ढेपेत दम राहत नाही, पोतं उघडून वास घ्या मगच पैसे द्या. निंबोळ्या जूनमध्ये पडतातच, घरच्या वेचून वाळवा.

आत्ता करायचं:
– जुनी झाडं मुळासकट उपटा, वाळवा, जाळा. कंपोस्टमध्ये नको.
– खोल नांगरट, 10-15 दिवसांनी परत पाळी.
– रोपवाटिकेचे वाफे भिजवून 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत दाबून, निदान तीन आठवडे, म्हणजे उन्हानं माती तापून सूत्रकृमी मरतात.
– अवजारं धुऊन मगच दुसऱ्या वावरात.

यातलं एकच जमणार असेल तर पहिलं करा. मुळं आत ठेवून वरून ढेप टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

काटोल-नरखेडकडं पावसाळ्यात संत्र्याची कलमं घेणाऱ्यांनी पण ऐका. लिंबूवर्गीय सूत्रकृमीत मोठ्या गाठी दिसत नाहीत, बारीक मुळं मळकट दिसतात, अंड्यांच्या चिकटपणामुळं माती धरून बसते. नर्सरीतच एक पिशवी फाडायला लावा, मूळ बादलीत खळबळून धुवा, माती सुटत नसेल तर तो लॉट घेऊ नका, कितीही स्वस्त देऊ द्या.