घुबडाकडे चालत जाऊ नका : हिवाळ्यातल्या फोटोग्राफीत या चुका टाळा

थंडी पडली, माळावरच्या झाडांची पानं उतरायला लागली की घुबडं नजरेला पडतात आणि लगोलग कॅमेरे बाहेर निघतात. गेली बारा-तेरा वर्षं मी पुणे जिल्ह्यातल्या माळांवर आणि ओढ्यांच्या घळींत घुबडांमागे फिरते आहे. दर वर्षी नवी माणसं भेटतात आणि त्याच चुका करतात. त्यातल्या एका चुकीचा मला मनापासून राग येतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

ती चूक म्हणजे घुबड दिसलं की सरळ त्याच्या दिशेनं चालत सुटणं.

शृंगी घुबडाचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या फोटोंचा हंगाम तोच त्याच्या अंड्या-पिल्लांचा. याचं घरटं म्हणावं असं काही नसतं. दरडीच्या कपारीत किंवा झुडपाच्या आडोशाला उघड्या मातीवर मादी अंडी घालते आणि महिनाभराहून जास्त दिवस एकटी उबवते. नर जवळपासच्या कड्यावर राखणीला बसतो. तो आपल्याला दिसतो, ती दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत दोन नवख्या मुलांना एका घळीत घेऊन गेले होते. त्यातल्या एकानं दोन दिवसांसाठी मोठी लेन्स भाड्यानं आणली होती आणि भाडं वसूल करायची त्याला घाई होती. नर समोरच्या कड्यावर डोळे अर्धवट मिटून बसलेला. मी म्हटलं, इथंच बसायचं, उन्हं वर येईपर्यंत हलायचं नाही. वीस मिनिटं त्यानं कशीबशी काढली. "ताई, डोळे उघडे हवेत, अजून थोडं पुढं जातो," म्हणाला आणि मी नको म्हणेपर्यंत घळीत उतरलासुद्धा. त्याच्या पायापासून आठ-दहा फुटांवरच्या घायपाताच्या बेटातून मादी उठली. तिथं ती आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मातीत तीन पांढरी अंडी उघडी पडली.

भर उजेडात उडालेलं घुबड कावळ्यांना दिसलं की काय होतं ते सांगायला नको. आधी चार कावळे आले, मग पंधरा-वीस. ती एका बाभळीवरून दुसरीवर जात राहिली, कावळे मागे. आम्ही लगेच निघालो आणि पार पलीकडच्या बांधावर जाऊन दुर्बीण लावली. ती परत अंड्यांवर बसायला सव्वा तास लागला, आणि पहाटेचा गारठा अजून सरला नव्हता. मार्चमध्ये लांबूनच पाहिलं, तर कपारीत पिल्लू नव्हतं. कारण आम्हीच होतो की आणखी काही, ते कळायला मार्ग नाही. त्या घळीत मी पुढचे दोन हिवाळे गेले नाही.

त्या मुलाला फोटो मिळाला होता. नराचे डोळे टक्क उघडे, कानांची शिंगं ताठ, अंग आवळून बारीक झालेलं. लोकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. मला मात्र त्या फोटोत एक घाबरलेला पक्षी दिसतो. निवांत बसलेल्या शृंगी घुबडाची पिसं फुगीर असतात, शिंगं सैल आणि डोळ्यांच्या फटी. पिंगळा, म्हणजे आपलं छोटं ठिपक्यांचं घुबड, बेचैन झाला की डोकं खाली-वर करायला लागतो. हे दिसलं की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. दोन पावलं मागं जा आणि बसा.

माझी सवय सांगते. उजाडायच्या आत पोचायचं, अंगावर घोंगडी घ्यायची, बांधाला टेकून बसायचं. घोंगडीनं थंडी अडते आणि माणसाचा आकारही मोडतो. एका शेतातल्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी असते. तिथले मामा म्हणाले होते, "आम्ही बैलं घेऊन खालून जातो, तरी ते हलत नाही. तुम्ही आला की आत जातंय." मामा त्याच्याकडे बघत नाहीत, थांबत नाहीत, रोजच्या वाटेनं जातात. मीही आता त्याच वाटेनं जाते आणि पिंगळ्याकडे पाठ करून बसते. अर्ध्या तासानं तो स्वतःच बाहेर येऊन ऊन खात बसतो.

दुसरी चूक पक्ष्याला त्रास देणारी नाही, पण लोकांचे पैसे त्यात फुकट जातात. "लेन्स सॉफ्ट आहे, सर्व्हिसला टाकू का?" असं दर हिवाळ्यात कुणी तरी विचारतं. सॉफ्ट म्हणजे फोटो धूसर येतात. फोटो किती वाजता काढला ते मी आधी विचारते. उत्तर बहुतेक वेळा साडेनऊ-दहा असतं, आणि मध्ये नांगरलेलं रान. रात्रभर गार पडलेली ढेकळं उन्हानं तापायला लागली की त्यावरची हवा थरथरते. पाचशे मिलिमीटरच्या लेन्समधून पडद्यावर मोठं करून बघा, पिसांच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या हलतात. यावर फोकसचा किंवा शटर स्पीडचा काही उपाय चालत नाही. पहिल्या तासाभरात काम उरका. गाडीतून काढत असाल तर हीटर बंद करून सगळ्या काचा खाली घ्या आणि आतली हवा बाहेरइतकी गार होऊ द्या. खिडकीतून निघणारी उबदार हवाही तेवढीच घातक. तापलेल्या बॉनेटवर लेन्स टेकवू नका.

मोबाइलवर आवाज वाजवून घुबड बोलावणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. रानपिंगळा या पिंगळ्यासारख्याच दिसणाऱ्या दुर्मीळ घुबडाच्या बाबतीत तर नाहीच. १८८४ नंतर हा पक्षी शंभराहून अधिक वर्षं कुणाला खात्रीनं सापडला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत राहतो, म्हणून लोकांना तो सोपा वाटतो. आवाज वाजवला की दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो शिकार सोडून भांडायला येतो, तेही ऐन विणीच्या दिवसांत. आणि प्रत्येक पिंगळ्याच्या फोटोखाली 'रानपिंगळा' लिहिण्याआधी डोकं नीट बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नसतातच.

बाकीचं थोडक्यात. रात्री घुबडावर फ्लॅश मारू नका. समोर फांदी आडवी येते म्हणून ती तोडू नका, तोच त्याचा आडोसा असतो. पांढरा उंदीर सोडून झेपेचा फोटो काढणाऱ्यांबरोबर मी जात नाही. नॉइजच्या, म्हणजे फोटोत दाणे येण्याच्या भीतीनं आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) दाबून शटर मंद ठेवू नका, थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. गव्हाणी घुबडाची पांढरी छाती काळोख्या ढोलीपुढे जळते, म्हणजे फोटोत नुसती पांढरीफटक येते, तिथं एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा करा. गवताळ माळावर आखूड कानांचं घुबड हिवाळी पाहुणं येतं आणि दिवसा गवतातच जमिनीवर बसतं, तेव्हा पायवाट सोडून गवत तुडवत फिरू नका. गार पडलेला कॅमेरा उबदार घरात एकदम उघडला तर आत-बाहेर दव धरतं. मी कार्ड शेतातच काढून घेते आणि कॅमेरा दोन तास बंद बॅगेत तसाच ठेवते.

जागा जाहीर करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबडांना संरक्षण आहे, तरी जादूटोण्यासाठी त्यांना पकडून विकणं थांबलेलं नाही, आणि दिवाळीच्या सुमारास तर ही मागणी वाढते. फोटोतली लोकेशनची माहिती काढून टाकल्याशिवाय मी तो कुठेही टाकत नाही. मागे दिसणारं देऊळ किंवा पवनचक्कीसुद्धा कापते. फारच कुणी विचारलं तर तालुका सांगते, तोही पावसाळा लागल्यावर.