छापण्याआधी किंवा अपलोड करण्याआधी मजकूर 'अश्लील' आहे का, हे कसे तपासावे

शिवराळ, किळसवाणे, भडक आणि अश्लील हे चार वेगळे शेरे आहेत. भारतीय कायद्याला त्यांतला फक्त शेवटचा गुन्हा वाटतो. (बाकीचे तीन वाचकांच्या पत्रांतून भेटतात.)

आधी माध्यम पाहा. छापील मजकुराला भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ लागते. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. १ जुलै २०२४ पूर्वी हेच दंड संहितेचे कलम २९२ होते. तोच मजकूर इंटरनेटवर टाकला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ येते आणि मर्यादा तीन वर्षे व पाच लाखांवर जाते. उघड लैंगिक कृती दाखवली तर ६७-अ: पाच वर्षे, दहा लाख.

मग तपासायचा तुकडा नेमका कोणता, ते ठरवा. सर्वाधिक चुका इथेच होतात. कथा किंवा चित्रफीत अखंड वाचायची-पाहायची असते, एखादा परिच्छेद उचलून तिला अश्लील म्हणता येत नाही. पण अंकात अनेक स्वतंत्र गोष्टी असतील तर प्रत्येकीचा निवाडा वेगळा होतो, सोज्वळ लेखांच्या गर्दीत एक चित्र लपत नाही. तासाभराच्या मुलाखतीतून कापलेले तीस सेकंदांचे रीलही असेच सुटे पडते, कारण संदर्भ मागेच राहिलेला असतो.

आता मुख्य प्रश्न: हे कामवासना चाळवते का? किंवा ज्यांच्या हाती ते पडण्याची शक्यता आहे, त्यांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का? १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात मापदंड होता सर्वांत कच्च्या मनाचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९६४ मध्ये एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात उचलला आणि २०१४ मध्ये सोडला. आता पाहायचे ते आजच्या समाजाच्या सर्वसाधारण नजरेने. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेचे लेखक चंद्रकांत काकोडकर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले, ते कथा सबंध वाचली गेली म्हणून. २०२४ मध्ये एका वेबमालिकेतील शिव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने बजावले: शब्दाचा अर्थ लैंगिक असला तरी ऐकणाऱ्याला सहसा राग किंवा शिसारी येते, वासना जागी होत नाही.

इतके होऊनही शंका उरली तर अपवाद पाहा: विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांसाठी लोकहितार्थ प्रकाशन, धार्मिक उपयोग, प्राचीन स्मारके व मंदिरांवरील शिल्पे. लोकहिताचा आधार घ्यायचा असेल तर जाणकाराचा लेखी अभिप्राय छापण्याआधी घ्या. खटल्यानंतर मिळवलेला अभिप्राय सारवासारवीसारखा दिसतो.

मुलांच्या लैंगिक चित्रणाला यांतली कुठलीच चाचणी लावत बसू नका. तिथे ६७-ब आणि पॉक्सो (मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) लागतात. 'पुरावा' म्हणूनही ते पुढे पाठवू नका, थेट राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

आणि 'मी वाचलेच नव्हते' हा बचाव मनातून काढून टाका. १९६४ च्या खटल्यातील मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याने तो घेतला होता, न्यायालयाने मानला नाही.