प्रोग्राम अडला तर: आधी शोध कसा घ्यावा, मग ऑनलाइन प्रश्न कसा विचारावा

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरा एक फोटो येतो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, मोबाइलने तिरका काढलेला, अर्धी एरर कापली गेलेली. खाली लिहिलेलं असतं, "कोड चालत नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा, उद्या सबमिशन आहे." ग्रुपमधल्या चार-पाच जणांना उत्तर माहीत असू शकतं, पण त्या फोटोवरून त्यांनाही काही सांगता येत नाही. मग कोणीतरी "गूगल कर ना" म्हणतं आणि विचारणारा पुन्हा कधी काही विचारत नाही. हे नुकसान मोठं आहे. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या क्लासला जाणाऱ्याला शेजारी विचारायला कोणी असतं. निफाड-सिन्नरहून ये-जा करणाऱ्याला, किंवा सातपूरला नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्याला ऑनलाइन मदत हाच मोठा आधार असतो.

"स्वतः शोधावं की विचारावं" हा वाद मला निरर्थक वाटतो. शोध नीट घेतला तर त्याच्या नोंदींतूनच प्रश्न तयार होतो आणि बऱ्याचदा तो पाठवायची वेळही येत नाही. हे कसं घडतं ते एकाच उदाहरणातून पाहू.

समजा, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव तुम्ही एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) भरले आहेत. पहिल्या रकान्यात समितीचं नाव मराठीत: लासलगाव, येवला, मनमाड, चांदवड, सिन्नर. पुढे तारीख आणि सरासरी भाव. विंडोजवर पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिलात, ओपन ही तिची फाइल उघडायची आज्ञा वापरून फाइल उघडलीत, प्रोग्राम चालवलात आणि स्क्रीनवर लाल ओळींचा ढीग आला.

पायरी १: एरर शेवटच्या ओळीपासून वाचा

पायथॉन सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली लिहितो. शेवटच्या ओळीत एररचा प्रकार आणि कारण असतं. त्याच्या वर, कोणत्या ओळीने कोणाला बोलावलं याचा माग असतो. त्या मागात अनेकदा लायब्ररीच्या (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या) फाइलींची नावं दिसतात. ती सोडून द्या आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव खालून पहिल्यांदा कुठे येतं ते शोधा. पाहायला सुरुवात तिथून करायची.

आपल्या उदाहरणात शेवटची ओळ सांगते: यूनिकोडडीकोडएरर, चारमॅप कोडेकला (बाइटांची अक्षरं करणाऱ्या भागाला) ८डी हा बाइट (फाइलमधला एक छोटा आकडा, संगणकी पद्धतीने लिहिलेला) उलगडता येत नाही. घाबरून न जाता हे वाक्य शब्दशः वाचा. तुमच्या गणितात चूक आहे असं ते म्हणत नाही. भावांपर्यंत प्रोग्राम पोचलेलाच नाही. अडचण अक्षरं वाचण्यात आहे. एवढं कळलं की सरासरीचं सूत्र पाचव्यांदा तपासण्यात जाणारा वेळ वाचतो.

पायरी २: अडचण लहान करा

सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते तीही हीच. मूळ फाइल तशीच ठेवा, तिची एक प्रत घ्या. प्रतीतल्या निम्म्या ओळी काढून प्रोग्राम चालवा. एरर गेली तर दोष काढलेल्या ओळींत आहे, राहिली तर उरलेल्यांत. पुन्हा निम्म्या करा. हजार ओळी असल्या तरी साधारण दहा वेळा निम्म्या केल्यावर एक ओळ हाती लागते. प्रोग्रामचंही तसंच करा: सरासरी, तक्ता, आलेख सगळं काढून टाका. फक्त फाइल उघडून वाचणाऱ्या दोन-तीन ओळी ठेवा. एरर तरीही येत असेल तर ती बाकीच्या कोडमुळे येत नाही हे ठरलं.

आपल्या फाइलमध्ये असं करत गेलात तर गंमत दिसते. लासलगाव, येवला, मनमाड, चांदवड यांच्या ओळी एररशिवाय वाचल्या जातात. सिन्नरची ओळ आली की प्रोग्राम मोडतो. आणि बिनबोभाट वाचल्या गेलेल्या ओळी छापून पाहिल्या तर तिथेही लासलगाव दिसत नाही, डोक्यावर तिरक्या रेघा असलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. म्हणजे बिघाड सगळ्याच ओळींत होता, ओरडला फक्त सिन्नरला.

असं का? तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींची अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, जतन केलेली आहे. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. विंडोजवर ओपनला काहीच सांगितलं नाही तर ते बहुतेक संगणकांवर १२५२ नावाचा जुना, पश्चिम युरोपीय अक्षरांचा तक्ता वापरतं. त्या तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्ताचे तीन बाइट आहेत ई०, ए५ आणि ८डी. सिन्नरमध्ये जोडाक्षर आहे, म्हणून हलन्त आहे, म्हणून ८डी आहे, आणि त्या जागी तक्त्यात काहीच नाही. लासलगावच्या एकाही बाइटला रिकामी जागा लागत नाही, म्हणून ते चुकीचं पण मुकाट वाचलं जातं. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि झ चा ९डी, त्यामुळे ती अक्षरंही अशीच अडतात.

एवढं सगळं तुम्हाला आधी माहीत असण्याची गरज नाही. "सिन्नरला अडतं, येवल्याला अडत नाही" एवढं हाती आलं तरी बस. ज्याला हा विषय माहीत आहे त्याला या एका वाक्यात उत्तर दिसतं.

पायरी ३: शोधताना स्वतःचा मजकूर गाळा

एरर जशीच्या तशी सर्च बॉक्समध्ये टाकली तर त्यात तुमच्या फोल्डरचा पत्ता, तुमच्या फाइलचं नाव, बाइटचा क्रमांक असं सगळं जातं. ते जगात दुसऱ्या कोणाकडे नसतं. तेवढं काढा. एररचा प्रकार, चारमॅप, ८डी आणि प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव एवढंच ठेवा.

मग दोन ठिकाणी वाचा. आधी अधिकृत दस्तऐवज. पायथॉनच्या दस्तऐवजात ओपनच्या माहितीत स्पष्ट लिहिलं आहे की एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) दिलं नाही तर ते प्लॅटफॉर्मवर, म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, अवलंबून असतं. विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारा मित्र "माझ्याकडे तर चालतंय" म्हणतो, त्याचं कारण या एका वाक्यात आहे. दस्तऐवज कंटाळवाणे असतात हे खरं, पण तिथली दहा मिनिटं इतरत्र भटकण्याचा एक तास वाचवतात, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो, प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट. ही साइट २००८ साली सुरू झाली आणि नवशिक्याला येणाऱ्या बहुतेक एरर तिथे कोणीतरी आधीच विचारलेल्या आहेत. पण उत्तरं डोळसपणे वाचा. आपल्याच एररवर तीन तऱ्हेचे उपाय सुचवलेले दिसतात. एक सांगतो, न कळलेले बाइट दुर्लक्षित करायला सांगा. दुसरा सांगतो, एन्कोडिंग लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा आणखी एक जुना तक्ता) द्या. तिसरा सांगतो, यूटीएफ-८ द्या. एरर तिन्हींनी जाते! पहिला मात्र बाइट गुपचूप टाकून देतो. दुसरा प्रत्येक बाइटला कुठलं तरी अक्षर लावून मोकळा होतो, म्हणजे गिचमिड तशीच राहते. मराठी नावं नीट फक्त तिसऱ्याने येतात. म्हणून उपाय लावल्यावर एरर गेली का एवढंच पाहू नका, सिन्नर हे सिन्नर म्हणूनच छापलं जातंय का ते पाहा.

उत्तराची तारीखही पाहा. पायथॉनच्या ३.१५ आवृत्तीपासून काही न सांगितल्यास यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग धरायचं ठरलेलं आहे. एका आवृत्तीत बरोबर असलेला सल्ला दुसरीत गैरलागू होतो.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल: जरूर विचारा, विशेषतः एररचा अर्थ मराठीत समजावून घ्यायला. पण ते चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने देतात. याच कारणाने स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये अशा साधनांकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला बंदी घातली. जे सांगितलं ते चालवून पाहा आणि दस्तऐवजात ताडून घ्या.

पायरी ४: थांबायचं कधी ते ठरवा

शिकणाऱ्याने साधारण तासभर मनापासून शोध घ्यावा असं मला वाटतं. घड्याळापेक्षा नेमकी खूण वेगळीच आहे: तीच पानं पुन्हा उघडली जाऊ लागली आणि पुढे काय करून पाहावं हे सुचेनासं झालं, की विचारायची वेळ झाली. त्यानंतरचे चार तास फक्त थकवतात.

काही गोष्टी तर शोधत बसूच नका, लगेच विचारा. कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट अडवलेलं असेल, कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरचा पासवर्ड चालत नसेल, तर जगातल्या कुठल्याही पानावर उत्तर मिळणार नाही. लॅब असिस्टंट किंवा शेजारच्या टेबलवरच्या ताई-दादाकडेच ते असतं. आणि एखादी कमांड चालवल्याने डेटा उडू शकतो अशी शंका असेल, तर विचारल्याशिवाय एंटर दाबू नका.

पायरी ५: प्रश्न लिहा

आतापर्यंतच्या नोंदी एकत्र केल्या की प्रश्न असा होतो:

"विंडोज ११, पायथॉन ३.१२. यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली दोन ओळींची सीएसव्ही फाइल ओपनने वाचतो आहे. ओळीत सिन्नर हा शब्द असला की यूनिकोडडीकोडएरर येते. त्याजागी येवला लिहिलं तर एरर येत नाही, पण छापलेली अक्षरं बिघडलेली दिसतात. मित्राच्या उबुंटूवर दोन्ही नीट चालतं. लॅटिन-१ देऊन पाहिलं, एरर गेली, अक्षरं तशीच बिघडलेली. मला नावं मराठीत वाचून समितीनुसार सरासरी भाव काढायचा आहे. कोड, फाइल आणि पूर्ण एरर खाली देत आहे."

यातलं "मला काय करायचं आहे" हे वाक्य कधीही गाळू नका. ते गाळलं की माणूस मूळ अडचणीऐवजी स्वतःच्या अर्धवट उपायाबद्दल विचारतो: "पायथॉनमध्ये स्ट्रिंगमधून तिरक्या रेघांची अक्षरं कशी काढायची?" लोक प्रामाणिकपणे ती अक्षरं काढायला शिकवतात आणि शेवटी नावाच्या जागी रिकामा रकाना उरतो.

कोड आणि एरर मजकूर म्हणूनच चिकटवा. फोटोतला कोड कोणाला कॉपी करून चालवता येत नाही आणि सर्चमध्येही सापडत नाही. शीर्षकात "अर्जंट" किंवा "हेल्प" न लिहिता अडचण लिहा: विंडोजवर मराठी सीएसव्ही वाचताना ८डी बाइटवर एरर. स्टॅक ओव्हरफ्लोच्या मुख्य साइटवर इंग्रजीत लिहावं लागतं आणि मराठी आवृत्ती नाही. त्याचं दडपण घेऊ नका. छोटी, साधी वाक्यं पुरतात. आधी वरच्यासारखं मराठीत लिहून काढा, मग इंग्रजी करा. विचार स्पष्ट असला की इंग्रजी मोडकं असलं तरी कळतं.

पाठवण्याआधी एकदा कोड वरून खाली वाचा. डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची तुमची गुप्त किल्ली), लोकांचे मोबाइल नंबर, आधार क्रमांक यांतलं काही गेलं तर नंतर पुसून उपयोग नसतो, प्रती झालेल्या असतात. चुकून गेलंच तर तो पासवर्ड किंवा की ताबडतोब बदला.

एकच प्रश्न एका वेळी पाच ग्रुपवर टाकू नका. एका ठिकाणी उत्तर मिळालेलं असताना दुसरीकडे कोणीतरी अर्धा तास डोकं खपवत बसतो. एखाद्या लायब्ररीच्या गिटहबवर (तिचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या साइटवर) तक्रार नोंदवायची ती दोष लायब्ररीतच आहे याची खात्री पटल्यावर. तिथले बरेच लोक मोकळ्या वेळात, बिनपैशाने काम करतात.

पायरी ६: विचारल्यावर तिथेच थांबा

प्रश्न टाकून लगेच झोपायला जाऊ नका. पहिल्या तासाभरात कोणीतरी "फाइल कशी जतन केली?" असं विचारतं. त्याचं उत्तर तेव्हाच मिळालं तर पुढचं सगळं पटकन होतं. प्रश्न आधीच्या प्रश्नासारखाच म्हणून बंद झाला तर तो अपमान समजू नका. सोबत जुन्या प्रश्नाची लिंक असते, ती उघडा. ती खरंच लागू पडत नसेल तर का पडत नाही ते प्रश्नात नेमकं लिहा.

उत्तर मिळालं की पूर्ण फाइलवर चालवा आणि काय झालं ते त्याच ठिकाणी कळवा, उपाय चालला नाही तरीही. चालला तर ते उत्तर स्वीकारल्याची खूण करा. स्वतःच तोड सापडली तर आपल्याच प्रश्नाखाली उत्तर लिहिता येतं, त्याला पूर्ण मुभा आहे. पुढे नवी अडचण आली, उदाहरणार्थ एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलचा पहिलाच रकाना नावाने सापडेनासा झाला, तर ती जुन्या प्रश्नात घुसवू नका. एक्सेल फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह घालतं, ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतं, आणि एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८-सिग दिलं की सुटतं. पण ही अडचण वेगळी आहे, तिचा शोध पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्या.