कोरडा दिवस नीट पाळायचा कसा?

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ ही सूचना ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दवाखान्याच्या जिन्यात, घंटागाडीच्या भोंग्यावर आपण इतक्यांदा वाचली-ऐकली आहे की आता ती कानावरून जाते. पाळणारी घरंही बहुधा एवढंच करतात : पिंप उपडं केलं, पाणी ओतलं, पुन्हा भरलं. डेंग्यूचा डास एवढ्याने हटत नाही.

डेंग्यू पसरवणाऱ्या या एडिस डासाची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या ओल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. खसखशीएवढे काळे ठिपके, घट्ट चिकटलेले. पाणी ओतलं तरी ते जागचे हलत नाहीत. कोरडे पडून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी तिथवर चढलं की अळ्या बाहेर येतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळी हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात. आठवड्याचा हिशेब त्यावरूनच आला आहे.

वार ठरवा. नळाला रोज पाणी येत असेल तर कुठलाही वार चालेल. जिथे चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे बायामाणसांना ‘साठवू नका’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे पाणी यायच्या दिवशी सकाळी हे काम करा. तळाशी उरलेलं पाणी कपड्याने गाळून बादलीत घ्या, धुण्याला वापरा.

आता घासा. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने आतली कड वरपासून खालपर्यंत गोल फिरवत घासा. पिंपाचा काठ आणि हौदाचे कोपरे सोडू नका. घासलेलं पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओता, म्हणजे त्यात अळ्या असल्या तरी मरतील. पिंप उन्हात पालथं घाला. भरल्यावर तोंडाला जुन्या साडीचा दुहेरी कपडा दोरीने घट्ट बांधा. नुसतं झाकण ठेवलं तर फट राहते आणि डासाला तेवढी पुरते.

मग घरभर फिरा, हातात बॅटरी घेऊन. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी पिंपं लख्ख होती, तरी डास होतेच. शेवटी फ्रिज पुढे ओढला. मागच्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी होतं. उजेड पडताच पृष्ठभागाला लोंबकळणाऱ्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या आणि मिनिटाभरात श्वास घ्यायला पुन्हा वर आल्या. त्या दिवसापासून माझी यादी ठरली आहे : फ्रिजचा ट्रे, कुलर, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांचं पाणी, गच्चीवरच्या ताडपत्रीची घडी, टायर, करवंट्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकणही पाहा.

जे रिकामं करता येत नाही, उदाहरणार्थ विहीर किंवा मोठा हौद, त्यात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते मिळतात. नदी-तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा त्रास होतो.

दार उघडा. आशाताई किंवा आरोग्यसेवक पिंपात बॅटरी मारून बघायला येतात, तेव्हा पुष्कळजण दारातूनच ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणतात. हा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे तुमच्या घरातला डास बहुधा तुमच्या घरातला किंवा शेजारचाच असतो. वाड्यात एक घर कुलूपबंद राहिलं, तरी बाकीच्या दहा घरांची मेहनत वाया जाऊ शकते. गावाला जाणार असाल तर भांडी पालथी घालून, कमोडचं झाकण लावून जा. धूरफवारणीवर विसंबू नका. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही.

तरीही ताप आलाच तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा. त्यावरून आजूबाजूच्या घरांची तपासणी सुरू होते. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, ताक, ओआरएस देत राहा. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यूत पुढचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी येणं, यांतलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. आणि आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवा. एडिस दिवसा चावतो आणि त्या माणसाला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला डेंग्यू देतो.