जास्तीचे पैसे कुठे मोजावेत? रोजच्या वापरातल्या वस्तू पारखून घेण्याची रीत

घर नव्याने मांडताना बहुतेक घरांत पैशांची वाटणी उलटी होते. दिवाणखान्याचे पडदे, दाराची हँडले आणि भिंतीवरचे घड्याळ यांवर हात सैल सुटतो. भिंतीच्या आतली वायर, ओट्याखालची गॅसची नळी आणि न्हाणीघरातला नळ मात्र दुकानदार समोर ठेवील तो घेतला जातो. माझे मत असे आहे की जी वस्तू रोज वाफेच्या दाबाखाली, विजेच्या भाराखाली किंवा आपल्या अंगाखाली काम करते, तिच्यासाठी आधी पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्यांतून शोभेच्या गोष्टी घ्याव्यात. त्याचबरोबर, वाढीव किंमत धातूत, कापडात आणि दुरुस्तीच्या सोयीत उतरली आहे की केवळ खोक्याच्या छपाईत, हे दुकानातच हाताने तपासता आले पाहिजे. महाग वस्तू चांगली असतेच असे नाही, आणि ही पारख नसेल तर खिशाला दोन्हीकडून चाट बसते.

खरेदीपूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूला दिवसातून किती वेळा हात लागणार आहे? ती बिघडली तर केवळ वस्तू जाईल, की तिच्यासोबत हात, घर किंवा भिंतही जाईल? आणि तिचा एखादा भाग झिजला तर तो सुटा मिळेल का? पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गंभीर असतील, तर किमतीकडे दुसऱ्यांदा पाहू नये.

विजेचे सामान

सुरुवात विजेच्या सामानापासून करतो, कारण इथली काटकसर आम्हाला स्वतःला भोवली आहे. आमच्या जुन्या घरात गिझरसाठी बसवलेला सॉकेट साधारण वर्षभरातच पिवळा पडू लागला होता; हिवाळ्यातल्या एका सकाळी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि प्लग काढायला गेलो, तर त्याची एक पिन वितळलेल्या सॉकेटमध्ये चिकटून बसली होती. इलेक्ट्रिशियनने तो सॉकेट उघडून दाखवला. आतली पितळेची पाती वहीच्या पुठ्ठ्याहूनही पातळ होती आणि तिचा ताण पूर्ण गेला होता. पिन सैल बसली की स्पर्शाची जागा कमी होते, रोध वाढतो आणि तिथे उष्णता साठत जाते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर तो कधीच चालवू नये. परंतु १६ अँपिअर असे छापलेला सॉकेटही आतून कमकुवत असेल, तर परिणाम तोच होतो. चांगल्या आणि हलक्या सॉकेटच्या किमतीत त्या वेळी शंभर-सव्वाशे रुपयांचा फरक होता.

दुकानात सॉकेट हातात घेतल्यावर प्रथम त्याचे वजन पाहावे, मग मागची बाजू उलटून स्क्रू पितळेचे आहेत का आणि वायर पकडणारी जागा भक्कम आहे का, ते पाहावे. प्लग घालून काढून पाहावा: तो घट्ट बसला पाहिजे आणि काढताना थोडा जोर लागला पाहिजे. छिद्रांच्या आत लहान मुलांची बोटे किंवा खिळा जाऊ नये म्हणून सरकते पडदे असतात. ते नसलेला सॉकेट लहान मूल असलेल्या घरात नेऊच नये.

वायरीच्या बाबतीत तर वजनकाट्यासारखा दुसरा साक्षीदार नाही. घरगुती वायर सहसा ९० मीटरच्या बंडलात मिळते. दिवे आणि पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर सॉकेटसाठी २.५ आणि एसी किंवा मोठ्या गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर घालण्याची पद्धत आहे. तांब्याची घनता लक्षात घेतली, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात नुसते तांबेच सुमारे दोन किलो भरते, १.५ च्या बंडलात सव्वा किलोच्या आसपास, आणि वरचे आवरण वेगळे. म्हणून २.५ चे संपूर्ण बंडल दोन किलोहून कमी भरले, तर त्यात तांबे कमी आहे किंवा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, हे वेगळे सांगायला नको. शंका आल्यास टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी चमक दिसली, तर ती वायर परत करावी. बंडलावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला असावा. वायर भिंतीत एकदा गेली की वीस-पंचवीस वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि ती बदलायची तर प्लॅस्टर फोडण्याचाच खर्च वायरीहून जास्त येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल, तर तोही याच वेळी बसवून घ्यावा. ओल्या हाताने शॉक बसल्यास वीज तोडणारे उपकरण हेच आहे, जास्त भार आला की पडणारी साधी एमसीबी ते काम करत नाही.

छताच्या पंख्याचा हिशेब निराळा आहे, कारण इथे जास्तीची किंमत वीजबिलातून परत येते. साधा पंखा पूर्ण वेगाने ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, तर बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले, तर १६२ युनिटांचा फरक पडतो. युनिटला ८ रुपये धरल्यास तो १,२९६ रुपये होतो. दोन पंख्यांच्या किमतीत हजार-दीड हजाराचे अंतर असेल, तर ते साधारण सव्वा वर्षात भरून निघते. मात्र हा हिशेब झोपण्याच्या किंवा दिवसभर माणसांचा वावर असलेल्या खोलीचा आहे. पाहुणे आले तरच उघडणाऱ्या खोलीत साधा पंखा पुरे.

स्वयंपाकघर

कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो, आणि ती वाफ आपण रोज चेहऱ्यापासून हातभर अंतरावर कोंडून ठेवतो. म्हणूनच घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. मानक क्रमांक आयएस २३४७. तरीही आठवडी बाजारात आणि काही वेळा ऑनलाइनही चिन्ह नसलेले कुकर दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. चिन्ह पाहून झाल्यावर कुकर रिकामाच उचलावा, झाकण लावून मूठ थोडी हलवून पाहावी. मुठीचा स्क्रू एकच असेल आणि ती आताच किंचित हलत असेल, तर सहा महिन्यांत ती खुळखुळू लागणार. बूड जाड असले, तर डाळ खाली लागत नाही आणि बूड वर्षानुवर्षे सपाट राहते. पातळ बुडाचा कुकर काही काळाने बाहेर फुगतो आणि शेगडीवर डुगडुगतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच कंपनीची रिंग, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आपल्या गावच्या भांड्यांच्या दुकानात मिळतात का, हे विचारून घ्यावे. चांगला कुकर पंधरा-वीस वर्षे टिकतो तो या सुट्या भागांच्या जोरावर. पर्यायी म्हणून मिळणारा वीस रुपयांचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. ठरलेल्या तापमानाला वितळून वाफेला वाट करून देणे हेच त्याचे काम, आणि तो नेमक्या वेळी वितळला नाही, तर झाकण उडते.

गॅसच्या नळीवर तर घासाघीस करूच नये. आत तारेची जाळी असलेली, नारिंगी रंगाची, आयएस ९५७३ मानकाची सुरक्षा नळी गॅस एजन्सीकडे मिळते आणि ती दर पाच वर्षांनी बदलायची असते. मी घरी बसवतानाच तिच्यावर न पुसणाऱ्या पेनने महिना आणि वर्ष लिहून ठेवतो, कारण नळी कधी आणली होती हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तव्याबद्दल माझे मत ठाम आहे: रोज भाकरी, पोळ्या, धिरडी होत असतील, तर बिडाचा तवा घ्यावा. नॉनस्टिकचा लेप उलथन्याने आणि मोठ्या आचेने दोन-तीन वर्षांत उतरतो आणि तवा भंगारात जातो; बिडाचा तवा नीट राखला, तर तो सुनेच्या हातात जातो. घेताना तो उन्हात तिरपा धरून पाहावा, छिद्रे किंवा केसाएवढी चीर नसावी. बोटाच्या पेराने टिचकी मारली, तर खणखणीत आवाज यावा. चीर असलेला तवा बद्द वाजतो. घरी आणल्यावर तो धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून मंद आचेवर तापवावा आणि कांद्याच्या फोडीने घासावा; असे चार-पाच वेळा केल्यावर धिरडी सुटू लागतात. चिंच, आमसूल किंवा टोमॅटोचे पदार्थ त्यात करू नयेत, आणि तो रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नये.

स्टीलच्या भांड्यांबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे दुकानात सांगितले जाते. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही हे खरे. परंतु निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०२ दर्जाच्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. त्यामुळे भांड्यावर उमटवलेला दर्जा आणि बिलावर लिहून घेतलेला आकडा हाच आधार. लोणचे, ताक किंवा पाणी साठवायची भांडी ३०४ ची घ्यावीत. पोहे आणि डाळी ठेवायचे डबे साध्या स्टीलचे असले तरी बिघडत नाही.

नळ, छत्री आणि चादर

नळ हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे, कारण चांगल्या नळाचे अंग पितळेचे असते आणि चकाकी फक्त वरची असते. हलक्या धातूचा नळ क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात आतून खाल्ला जातो आणि एके दिवशी आट्याशीच तुटतो. मग अर्धा नळ पाइपात अडकून राहतो, आणि प्लंबरची मजुरी नळाच्या किमतीला मागे टाकते. गळतीचाही हिशेब करून पाहावा. एका मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी वाया घालवतो. आतला सिरॅमिक स्पिंडल, म्हणजे पाणी उघडबंद करणारा भाग, सुटा मिळतो ना, हे इथेही विचारून घ्यावे.

छत्री पावसाळ्याच्या तोंडाशी गर्दीत घेण्यापेक्षा मे महिन्यातच घ्यावी आणि दुकानात पूर्ण उघडून, उलटी धरून तिच्या आत पाहावे. काड्या पन्हळीसारख्या दुमडलेल्या पोलादाच्या असतील, तर त्या वाऱ्यात वाकतात पण मोडत नाहीत. सपाट पत्र्याच्या काड्या पहिल्याच झोडपणाऱ्या पावसात उलट्या होतात. कापड काडीच्या टोकाला नुसते टोपणात खोचले आहे की दोऱ्याने शिवले आहे, हे बोटाने ओढून पाहावे. आमच्या घरातली लांब दांड्याची काळी छत्री चौदा पावसाळे झाले तरी चालते आहे. तिच्या दोन काड्या आणि एकदा कापड बदलावे लागले. तीन घड्यांची छत्री पिशवीत मावते ही सोय खरी, पण तिच्यात सांधे जास्त, म्हणजे मोडण्याच्या जागाही जास्त.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्याच नावाने नक्कलही भरपूर विकली जाते. खऱ्या जेकार्ड विणीच्या चादरीवरची नक्षी छापलेली नसून विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. एकाच बाजूला ठसठशीत नक्षी आणि मागे फिकट डाग दिसले, तर ती छपाई समजावी. कोल्हापुरी चपलेच्या तळव्याची कड अशीच निरखून पाहावी: चामड्याचे थर आणि चामड्याच्याच वादीची शिवण दिसली पाहिजे, आत पुठ्ठा दडवलेला नसावा. पावसात मात्र ती चप्पल बाहेर काढू नये.

दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ मानकाचे आयएसआय चिन्ह हवे आणि ते डोक्यावर घट्ट बसायला हवे. मागे बसणाऱ्यासाठीही तसेच दुसरे घ्यावे, रस्त्याकडेची टोपी नव्हे.

जिथे जास्त मोजू नये

खाण्याचा सोडा, साखर, फिनेल, झाडू यांत भारी छापाला पैसे देण्यात अर्थ नाही. वर्षातून दोनदा लागणारे ड्रिल मशीन शेजारी मागावे किंवा भाड्याने आणावे. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घेतली, तर तोच घटक बराच स्वस्त पडतो, आणि त्या वाचलेल्या पैशांत चांगल्या वायरीचे बंडल सहज बसते. लहान मुलांचे बूट टिकाऊ असण्यापेक्षा मापाचे असणे महत्त्वाचे, कारण ते झिजण्यापूर्वीच पाय वाढतो.

पैसे मोजल्यावर पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख तिथल्या तिथे घालून घ्यावी. हल्लीच्या थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांतच उडू लागतात, म्हणून घरी पोचण्याआधीच बिलाचा फोटो काढून तो त्या वस्तूच्या नावाने जपून ठेवावा.